लाल तार, काळी तार

यंदाच्या चातुर्मासात मी एक नियम घेतला होता. खाणंपिणं आणि औषधपाणी सोडून घरात एकही नवी वस्तू आणायची नाही. कुणी एकाशन करतं, कुणी हिरव्या भाज्या सोडतं. माझ्या गोळ्या दिवसातून दोनदा, त्यामुळे उपवासाचं काही जमत नाही. म्हटलं, हा नियम सोपा आहे. तेव्हा तसं वाटलं होतं खरं.

दशलक्षण पर्व आठ दिवसांवर आलं आणि कॉम्प्युटरचे छोटे स्पीकर बंद पडले. दुपारी प्रवचन आणि दिवेलागणीनंतर तासभर गाणं, एवढंच माझं ऐकणं. तेही गेलं. लेक पुण्याहून म्हणाली, "आई, हजारात चांगले येतात, मागवून देऊ?" नियम आडवा आला. आणि त्याच वेळी हॉलच्या कोपऱ्यातल्या दोन लाकडी पेट्यांकडे माझं लक्ष गेलं. एकीवर मनीप्लांट, दुसरीवर जुने दिवाळी अंक.

त्या पेट्या म्हणजे आप्पांचे स्पीकर. मी नववीत होते, त्या वर्षी निपाणीच्या बाजारात तंबाखूला बरा भाव मिळाला होता. आप्पांनी मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून आतले स्पीकर आणले आणि घरी सुतार बसवून सागवानी पेट्या करून घेतल्या. अँप्लिफायर आला, कॅसेटचा डेक आला. रात्री दुकान बंद करून आप्पा आरामखुर्चीत बसायचे आणि मल्लिकार्जुन मन्सूर किंवा कुमार गंधर्व लावायचे. कुमार तर आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे, त्यामुळे आप्पा त्यांच्याबद्दल घरच्या माणसासारखं बोलायचे. मी आणि दादा खाली चटईवर. "खुर्ची मधोमध पाहिजे," आप्पा म्हणायचे, "मग गाणारा समोर येऊन बसतो बघा."

आप्पा गेल्यावर वर्षाच्या आतच दादानं हक्कसोडपत्र पुढं केलं. २००५ च्या कायद्यानं मुलींना वडिलोपार्जित इस्टेटीत मुलाएवढाच वाटा दिला, आणि आपल्याकडच्या बायका अजूनही माहेर राखायचं म्हणून सही करून मोकळ्या होतात. मीही केली. सहीचं दुःख नव्हतं. दादानं पेन पुढं करताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, त्याचं होतं. मी म्हणाले, "घे सही. आजपासून मला माहेर नाही." वहिनी रडली. निघताना दादानं न बोलता या दोन पेट्या गाडीत ठेवल्या. अँप्लिफायर आणि डेक तिकडेच राहिले. चार वर्षं झाली याला.

तर पेट्या. मनीप्लांट उचलला, धूळ पुसली. मागं दोन-दोन खिट्ट्या, एक लाल, एक काळी. मी हेडफोनची जुनी वायर कापली, तारा सोलून खिट्ट्यांत अडकवल्या, पिन कॉम्प्युटरच्या मागच्या हिरव्या भोकात घातली. पेटीला कान लावला तेव्हा डास गुणगुणल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. बस्स, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी खडेबाजारच्या बाजूला एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हसले. "अक्का, ह्या पेट्यांत जीव नाही. जीव अँप्लिफायरात असतो. कॉम्प्युटरमधनं येतो तो नुसता इशारा. कानातलं यंत्र हलवायला तेवढा पुरतो, एवढी मोठी पेटी त्याला हलत नाही. तुमच्या लहान स्पीकरच्या पोटात अँप्लिफायर होता, म्हणून तर त्याला लाइटीचा प्लग होता की." मग विचारलं, पडद्याची कड फोमची की कापडाची? मी जाळी काढून बघितली होती, कापडाची होती. "मग नशीब. फोम असता तर कधीच भुगा झाला असता."

चार-पाचशे रुपयांत अँप्लिफायरचं छोटं सर्किट मिळतं, तेही त्यांनी सांगितलं. पण नियम होता. खरं सांगायचं तर नियमाचं निमित्तही होतं. अँप्लिफायर कुठं आहे ते मला पक्कं माहीत होतं.

दहा दिवस गेले. पहिला दिवस उत्तम क्षमेचा. बसदीत त्यावरचं प्रवचन मी पहिल्या ओळीत बसून ऐकलं. भाद्रपद वद्य प्रतिपदेला क्षमावाणी. दरवर्षी मी मोबाइलवर सगळ्यांना एकच 'उत्तम क्षमा' पाठवते, शंभर जणांना एका बोटानं. ज्यांचं मी काही बिघडवलेलं नाही त्यांची क्षमा मागणं किती सोपं असतं! चार वर्षं दादाचं नाव त्या यादीत नव्हतं. या वर्षी मी मोबाइल बाजूला ठेवला, चहा केला, तोही थंड होऊ दिला, आणि मग फोन लावला.

क्षमा वगैरे काही तोंडातून निघेना. म्हणाले, "दादा, आप्पांचा अँप्लिफायर आहे का रे?"

थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. "माळ्यावर हाय. का गं?"

"पेट्या वाजवायच्या होत्या."

"रविवारी आणतो की."

आला. अँप्लिफायर आप्पांच्या जुन्या धोतरात गुंडाळून आणला होता. येताना बाजारातून वायरही आणली होती: एका टोकाला कॉम्प्युटरची बारीक पिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना. नवी वस्तू! पण ती मी आणली नव्हती, भावानं आणली होती. माहेरचं नियमात बसतं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

अँप्लिफायर बंद ठेवूनच सगळं जोडायचं, हे दादाला आप्पांपासून ठाऊक. पिना 'ऑक्स' लिहिलेल्या जागी घातल्या. शेजारचं 'फोनो' हे तबकडीसाठी असतं, तिथं घातलं तर आवाज फाटतो. मग आवाजाचं बटण शून्यावर आणून चालू केलं. आधी घूंऽऽ असा घुमारा. कॉम्प्युटर आणि अँप्लिफायर दोन्हींचे प्लग एकाच बोर्डवर आणले, तो बराच कमी झाला. कुमारांचं गाणं लावलं. आवाज आला, मोठाही आला, पण पोकळ. तबल्याचा डग्गा गायब, गाणं खोलीभर विखुरलेलं, समोर कुणीच बसलेलं नाही.

"आप्पांच्या वेळी असं नव्हतं," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.

मला दुरुस्तीवाल्यांची युक्ती आठवली. तारा सोडवल्या आणि पेन्सिल सेल घेतला. सेलचं वरचं टोक लाल खिट्टीला, खालचं काळ्या खिट्टीला, क्षणभरच टेकवायचं. पडदा पुढं आला तर तारा बरोबर. पहिल्या पेटीचा पडदा पुढं आला, दुसरीचा आत गेला. त्या पेटीच्या खिट्ट्यांचा रंग उडाला होता आणि मी लाल-काळं उलटं धरलं होतं. एक स्पीकर हवा पुढं ढकलत होता तेव्हा दुसरा मागं ओढत होता. दोघंही आपापल्या परीनं पूर्ण ताकदीनं वाजत होते, आणि खालचे सूर एकमेकांना खात होते.

दादा टॉर्च घेऊन पेटीमागं वाकला. चेहरा दिसत नव्हता. तारा बदलता बदलता म्हणाला, "सहीची घाई केली मी तेव्हा. बँकेचं लई मागं लागलं होतं. तुला सांगायला पाहिजे होतं."

कर्जाचं मला ठाऊकच नव्हतं. मी म्हणाले, "मीही तसं बोलायला नको होतं."

"धर टॉर्च," तो म्हणाला.

कागद कचेरीत आहे तिथंच आहे. मुलींनी सही करावी की नाही, या प्रश्नावर माझं मत बदललेलं नाही, आणि माझ्या लेकीकडून मी अशी सही घेऊ देणार नाही. तेही मी दादाला त्याच दिवशी सांगितलं. तो "बरं" म्हणाला.

मग गाणं पुन्हा लावलं. डग्गा घुमला. तंबोरे पसरले आणि त्यांच्या मधोमध, दोन पेट्यांमधल्या रिकाम्या भिंतीपाशी, गाणारा येऊन बसला. खुर्ची एकच होती, त्या बरोबर मधल्या जागी. दोघांपैकी कुणीच तिच्यावर बसलं नाही. साठीतली आम्ही दोघं भावंडं गुडघे धरत खाली चटईवर बसलो.

सूर्यास्ताआधी जेवण झालं. त्याला आवडते म्हणून मुगाच्या डाळीची आमटी केली होती. निघताना मी अँप्लिफायर धोतरात गुंडाळायला लागले.

"राहू दे की," तो म्हणाला. "पेट्या इथं आणि हा तिथं, काय उपयोग? मीच येत जाईन ऐकायला."

मनीप्लांट मी खिडकीत हलवला आहे. धोतर धुऊन, घडी करून अँप्लिफायरवर घालते, धूळ बसू नये म्हणून.