सहा धावा आणि एक झेल

४ ऑगस्ट २०२५, सोमवार. शाळेतून घरी आले तेव्हा ओव्हल कसोटीचा शेवटचा दिवस सुरू होत होता. इंग्लंडला ३५ धावा हव्या होत्या, आपल्याला चार बळी. मुलगा टीव्हीसमोर होता. घटक चाचणीत तो गणितात नापास झाला, तेव्हापासून मी त्याच्याशी कामापुरतेच बोलत होते.

आदल्या दिवशी सिराजने हॅरी ब्रूकचा झेल पकडला, पण पाय सीमारेषेला लागला. बळी गेला नाहीच, वर सहा धावा दिल्या. तेव्हा १९ वर असलेल्या ब्रूकने पुढे १११ केल्या. "हाच हरवणार आपल्याला," मी रागाने म्हणाले होते.

आज चेंडू त्याच्याच हातात होता. त्याने स्मिथला बाद केले, मग ओव्हरटनला. खांदा निखळलेला वोक्स हात गळ्यात बांधून मैदानात उतरला. शेवटी सिराजच्या यॉर्करवर अ‍ॅटकिन्सनचा त्रिफळा उडाला. सहा धावांनी विजय, सिराजचे पाच बळी! आम्ही दोघेही ओरडलो.

मग मुलगा हळूच म्हणाला, "अम्मी, कालच्या चुकीसाठी त्याला आज बॉलिंगच दिली नसती तर?"

मला उत्तर सुचेना. वर्गातल्या मुलांना मी पुन्हा पुन्हा संधी देते. घरात मात्र तोंड फिरवून बसले होते.

मगरिबच्या नमाजनंतर मी त्याची चाचणीची उत्तरपत्रिका मागून घेतली. "चल, चुकलेल्या पहिल्या गणितापासून सुरू करू."