गाणं बसवताना

अब्बा लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. नोटेशन त्यांना वाचता येत नव्हतं. नवीन पिक्चरचं गाणं आलं की ते एस. टी. स्टँडजवळच्या हॉटेलात जाऊन बसत, एका चहावर तीच रेकॉर्ड तीन-चार वेळा ऐकत आणि घरी येईपर्यंत तोंडात घोळवत. मग रात्री बँडच्या दुकानात पोरांना एकेक ओळ शिकवत. याला बँडवाले ‘गाणं बसवणं’ म्हणतात. मोहल्ल्यातले काही लोक या धंद्याला नाकं मुरडायचे. रमजानच्या चांदरातीला अब्बा क्लॅरिनेट पेटीत ठेवायचे, ईदनंतर काढायचे. वाद मात्र त्यांनी कुणाशी घातला नाही.

नोटेशन मी शिकलो ते मुंबईत नोकरीला असताना, एका गोवेकर मास्तरांकडून. आता निवृत्तीनंतर शिकागोजवळ मुलाकडे राहतो आणि मीही गाणीच बसवतो. इथं एक हौशी बिग बँड आहे. पाच सॅक्सोफोन, चार ट्रंपेट, चार ट्रॉम्बोन, पियानो, गिटार, बास आणि ड्रम, असे सतराजण. माझं काम म्हणजे जुन्या जॅझ रेकॉर्ड ऐकून प्रत्येक वाद्याचं कागदावर उतरवायचं आणि ते या सतराजणांना वाटून द्यायचं.

गेलं वर्षभर किंग ऑलिव्हरच्या ‘डिपरमाउथ ब्लूज’नं माझी झोप उडवली आहे. ऑलिव्हर न्यू ऑर्लिन्सचा, पण बँड शिकागोच्या लिंकन गार्डन्समध्ये वाजवायचा. एप्रिल १९२३ मध्ये हे सात काळे वादक इंडियाना राज्यातल्या रिचमंडला गेले आणि जेनेट कंपनीत त्यांनी ही रेकॉर्ड केली. दोन कॉर्नेट होते. एक उस्तादाचं, म्हणजे ऑलिव्हरचं, दुसरं त्याच्या शागिर्दाचं, लुई आर्मस्ट्राँगचं.

तेव्हा माइक नव्हता. समोर एक भोंगा, त्यात सगळ्यांनी वाजवायचं आणि पलीकडे सुई मेणावर रेघ ओढायची. मोठा ड्रम दणकला की सुई उडायची, म्हणून बेबी डॉड्स या ड्रमवाल्याला लाकडी ठोकळे वाजवावे लागले. आर्मस्ट्राँगचा आवाज इतका जबर की त्याला भोंग्यापासून लांब उभं केलं, असं पियानो वाजवणाऱ्या लिल हार्डिननं पुढं सांगितलं.

पहिली अडचण पट्टीची. त्या काळच्या रेकॉर्डचा वेग नेमका नसायचा. कधी सूर दोन पट्ट्यांच्या मधल्या फटीत पडतो. मग कॉर्नेट आणि क्लॅरिनेट यांच्या बोटांना कुठली पट्टी सोयीची, याचा विचार करून ठरवावं लागतं. हे जमतं. कॉम्प्युटरवर वेग निम्मा केला की गुंतलेले दोन कॉर्नेटही हळूहळू सुटे होतात.

ड्रमचं काय करायचं? ठोकळे लिहिले तर मी रेकॉर्डशी इमान राखलं, पण लिहिली ती त्या भोंग्याची लाचारी. लिंकन गार्डन्सच्या गर्दीत डॉड्स काही नुसते ठोकळे वाजवत नव्हता. पूर्ण ड्रम लिहिला तर तो कुणाचा? माझाच. शेवटी मी दोन्ही लिहिलं. सुरुवातीला ठोकळे, ऑलिव्हरच्या सोलोपासून पुढं ड्रम. हे बरोबर आहे असं मी छातीठोक सांगणार नाही.

रेकॉर्डमध्ये एका ठिकाणी बँड थांबतो आणि एकजण ओरडतो. डॉड्सनं सांगितलं होतं की तिथं तो आपला तुकडा विसरला, म्हणून बँजोवाला बिल जॉन्सन ओरडला. पुढं ज्यानं ज्यानं ही चीज वाजवली तो तिथं ओरडतोच. चुकून राहिलेली मोकळी जागा, आणि आता तिच्याशिवाय चीज पुरी होत नाही.

आमच्या बँडच्या संचालकाची इच्छा होती की ऑलिव्हरचा सोलो चारही ट्रंपेटना वाटून द्यावा. मी करून पाहिलं. ऐकायला भरगच्च, पण ऑलिव्हर तोंडावर झाकण हलवत कोमल गंधारातून शुद्ध गंधाराकडे सरकतो, ते सरकणंच गेलं. चौघं चार पायऱ्यांवर सरळ उभे. १९२५ मध्ये फ्लेचर हेंडरसनच्या न्यूयॉर्कच्या बँडसाठी डॉन रेडमननं हीच चीज ‘शुगर फूट स्टॉम्प’ नावानं बसवली, तेव्हा त्यानं बाकी पुष्कळ बदललं. हा सोलो मात्र एकट्या आर्मस्ट्राँगकडे ठेवला, आणि आर्मस्ट्राँगनं तो उस्तादाचाच वाजवला. मीही एकाच ट्रंपेटला दिला.

आर्मस्ट्राँगला पुढं जगानं डोक्यावर घेतलं. ऑलिव्हर १९३८ साली सव्हाना गावात गरिबीतच गेला. पण शागिर्दाची ती फुंक मुंबईपर्यंत आली. गोव्याचा चिक चॉकलेट आर्मस्ट्राँगला आदर्श मानून ट्रंपेट वाजवायचा. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’त, १९५१ मध्ये, त्याचा हात होता. आणि ‘अलबेला’ची गाणी अब्बांनी त्या हॉटेलात बसूनच उचलली.

त्यातल्या एका गाण्यात अब्बा एक सूर वेगळा लावायचे. मी कॉलेजात असताना, चार पुस्तकं वाचल्याच्या गुर्मीत, पोरांसमोर म्हणालो, “अब्बा, वो सूर रिकॉर्ड में नहीं है.” अब्बांनी क्लॅरिनेटची पत्ती पुसत सांगितलं, “उत्ते में गिऱ्हाईक आया, होटलवाले ने आवाज कम किया. आगे का मैं डाला.” पोरं हसली. त्या दिवसानंतर ते माझ्यासमोर ते गाणं वाजवायचे नाहीत.

अब्बांची एकच कॅसेट आहे, १९८४ च्या एका वरातीतली. रिचमंडच्या रेकॉर्डमध्ये ड्रम ऐकू येत नाही, इथं ढोलाशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. क्लॅरिनेट तुकड्या-तुकड्यानं वर येतो आणि बुडतो. ऑलिव्हरचं काम संपल्यावर मी ती कॅसेट उतरवायला घेतली. तीन महिने लागले. नेमक्या त्या जागी ढोल आहे.

बिग बँडसाठी ते गाणं लिहिताना तिथं मी क्लॅरिनेटला अब्बांचा सूर लिहिला. तो कॅसेटमध्ये नाही, ‘अलबेला’च्या रेकॉर्डमध्येही नाही. पहिल्याच तालमीला क्लॅरिनेटवाल्या मुलीनं हात वर केला. “इथं लिहिताना चूक झालीय का?”

मी म्हटलं, “नाही. आहे तसंच वाजव.”