आवाजाचं निमित्त

कानात वायरी घालून फिरणारा माणूस गाणं ऐकत नसतो, असं मी बरीच वर्षं मानत आले. नुसतं मानत नव्हते, चारचौघांत बोलूनही दाखवत होते. गाणं ऐकायचं तर समोर बसून, तंबोरे जुळेपर्यंत धीर धरून. घरी ऐकायचं तर कामं उरकून, दिवा मंद करून, चांगल्या स्पीकरांवर. दोनशे तासांचं संगीत खिशात घालून कंपनीच्या बसमध्ये बसणारा माणूस माझ्या लेखी रसिक नव्हता, साठेबाज होता. आणि असा एक साठेबाज आमच्याच घरात होता, माझे धाकटे दीर.

भाऊजी इंजिनिअर. कोथरूडहून चाकणला जाणारी त्यांची बस पहाटेच निघायची. त्यांनी हार्ड डिस्कवाला एक म्युझिक प्लेअर घेतला आणि घरातल्या सगळ्या सीडी, त्यांच्या आणि माझ्याही, एमपी3 करून त्यात भरल्या. तेव्हापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर एक कायमचा विषय झाला: त्या डबीची गाऱ्हाणी. पडद्यावर देवनागरी उमटत नाही, नुसते चौकोन दिसतात. दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडला की ‘आधीचं सगळं पुसू का?’ असं विचारतो. एकदा घाईत ‘हो’ दाबलं गेलं आणि महिनाभर भरलेलं सगळं गेलं. गाणी आत जातात, पण बाहेर काढता येत नाहीत. डबीला स्क्रूच नाही, मग बॅटरी बदलायची कशी? आणि सगळ्यांत जास्त वेळा यायचं ते गाऱ्हाणं म्हणजे दोन ट्रॅकच्या मध्ये ‘खाच’ पडते.

खरं सांगते, ही रडगाणी ऐकताना मला आतून बरं वाटायचं. मी भाजी वाढता वाढता म्हणायचे, “भाऊजी, मुळात त्यात तंबोऱ्याची जवारीच मेलेली असते. खाचेचं काय घेऊन बसलात?” ते हसून गप्प बसायचे. मला वाटायचं, उत्तर नाही म्हणून गप्प बसले.

माझ्याकडे आकडेही होते. सीडीवर सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक 16 बिटांचा, डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. म्हणजे सेकंदाला साधारण 1,411 किलोबिट. त्या काळी सर्रास मिळणारा एमपी3 128 किलोबिटांचा. अकरातले दहा भाग फेकून दिलेले! उरलेल्या एका भागाला गाणं म्हणायचं? हे वाक्य मी इतक्या ठिकाणी टाकलं की ते माझंच वाटायला लागलं. फेकून दिलेल्या दहा भागांत काय असतं, हे वाचायची तसदी मात्र कधी घेतली नाही.

एका दिवाळीत, पाडव्याच्या दुपारी, जेवणं जड झाल्यावर भाऊजी म्हणाले, “वहिनी, एक गंमत करू या?” त्यांनी तयारी करून ठेवलेली होती. किशोरीताई आमोणकरांची माझीच सीडी; तिच्यातला एक तुकडा मूळ स्वरूपात, आणि त्याच तुकड्याच्या 128, 192 आणि 320 किलोबिटांच्या प्रती. वाजवायचं माझ्या अँप्लिफायरवरून, माझ्याच स्पीकरांवर. कुठली प्रत कधी वाजणार हे कॉम्प्युटर ठरवणार. ते भाऊजींनाही कळणार नव्हतं. मी माझ्या नेहमीच्या खुर्चीत कागद-पेन्सिल घेऊन बसले. ऐटीत बसले, असंच म्हणायला हवं.

128 मी बहुतेक वेळा ओळखलं. तबल्याचा बोल कडक पडण्याऐवजी किंचित पसरट पडत होता. माझा आत्मविश्वास वाढला. त्यापुढे मात्र जे झालं ते आजही आठवलं की कान गरम होतात. 192, 320 आणि मूळ यांच्यात माझी उत्तरं नाणेफेकीपेक्षा बरी नव्हती. एका तुकड्याला तर मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाले, “ही मूळ. ऐका, खर्ज कसा खोलीभर पसरतोय.” ती 192ची प्रत होती. ह्यांनी पेपर तोंडापुढे धरला. पेपर हलत होता.

नंतर वाचलं तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. 128च्या प्रतीत साधारण 16 किलोहर्ट्झच्या वरचे स्वरांश कापलेले असतात. पन्नाशी ओलांडलेल्या बहुतेकांना ते तसेही ऐकू येत नाहीत. माझ्या कानांनी ज्यांना कधीच निरोप दिला होता, त्यांच्या नावानं मी वर्षानुवर्षं सुतक पाळत होते.

पण माझं मत बदललं ते यामुळे नाही. हरलेला माणूस आणखी हट्टाला पेटतो, तशी मीही पेटले. म्हटलं, स्पीकर जुने झालेत. जेवण जास्त झालंय. लॅपटॉपमधून काढलेला आवाज तो, त्यात काय कळणार? भाऊजी वाद घालायला बसले नाहीत. म्हणाले, “जाऊ द्या वहिनी. आवाजाचं माझं कधी काही म्हणणंच नव्हतं. तुम्ही एकदा ती खाच ऐका.”

त्यांनी आपला प्लेअरच अँप्लिफायरला जोडला आणि विलंबित ख्यालाचा शेवट लावला. किशोरीताई समेवर आल्या, स्वर सोडला, तबला थांबला. आता इथे सीडीवर काय होतं ते मला पाठ होतं. क्षणभर तंबोरा एकटा उरतो, आणि त्या एकटेपणातूनच द्रुतची बंदिश उचलली जाते. प्लेअरवर तंबोरा थांबला. अर्धा सेकंदही नसेल. नाद तुटला, काळोख झाला, आणि दुसऱ्या ट्रॅकबरोबर तो एकदम पुन्हा सुरू झाला.

“रोज बसमध्ये इथं मला दचकायला होतं,” भाऊजी म्हणाले.

मी तो तुकडा पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. तंबोऱ्याचं नाव घेऊन मी ज्या माणसाला अरसिक ठरवत आले होते, तोच माणूस तंबोरा नेमका कुठे मारला जातोय हे मला इतकी वर्षं सांगत होता. मी ‘खाच’ हा शब्द ऐकायचे आणि मनात म्हणायचे, यंत्रवेड्या माणसाची किरकिर. आमटीची वाटी पुढे करताना मी त्यांचं बोलणं ऐकलंच नव्हतं. ऐकणं म्हणजे काय यावर दुसऱ्यांना व्याख्यानं देणाऱ्या बाईनं आपल्या शेजारी बसलेल्या माणसाचं एक वाक्य कधी नीट ऐकलं नव्हतं.

त्या दुपारी मला दुसरीही एक गोष्ट दिसली. पहाटेच्या बसमध्ये, इंजिनाच्या घरघरीत, विलंबिताच्या समेनंतर तंबोरा चालू राहावा म्हणून जीव टाकणारा माणूस माझ्यापेक्षा जास्त एकाग्र होता. मी मंद दिव्यात पुष्कळदा डुलक्या काढल्या आहेत.

खाचेचं कारण पुढे भाऊजींनीच समजावलं. एमपी3 आवाजाचे ठरावीक मापाचे तुकडे पाडतो, 1,152 नमुन्यांचा एक. गाणं त्या मापात चपखल बसत नाही, म्हणून आगेमागे थोडी शांतता चिकटवली जाते. प्लेअरला ती कापता आली पाहिजे आणि पुढची फाइल आधीच उघडून ठेवता आली पाहिजे. खुद्द आयपॉड 23 ऑक्टोबर 2001ला जाहीर झाला, पण ही गोष्ट त्याच्यात आली 2006मध्ये. तीन मिनिटांची सुटी गाणी ऐकणाऱ्याला फरकच पडत नव्हता. ओरडत होते ते सिंफनी ऐकणारे, ऑपेरा ऐकणारे, मैफलींची अखंड ध्वनिमुद्रणं ऐकणारे, आणि चाकणच्या बसमधला एक प्रवासी. स्वीडनमधल्या काही प्रोग्रॅमरांनी कंपन्यांची वाट न बघता ‘रॉकबॉक्स’ नावाचं फुकट सॉफ्टवेअर लिहिलं. त्यात खाच पडत नाही. भाऊजींनी पुढे तेच आपल्या प्लेअरवर चढवलं. ज्यांना मी किरकिरे म्हणत होते त्यांच्यातल्याच काहींनी इलाज केला होता.

एमपी3 कसा घडला तेही तेव्हाच वाचलं. मोठ्या आवाजाच्या आड, त्याच्या जवळच्या पट्टीतला बारीक आवाज माणसाला ऐकूच येत नाही. तेवढा हेरून गाळायचा, ही त्याची युक्ती. जर्मनीतल्या कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी ती घासूनपुसून घेतली ती सुझान व्हेगा या गायिकेच्या, साथीशिवाय गायलेल्या एका गाण्यावर, कारण तो उघडा आवाज सुरुवातीला फार वाईट निघत होता. म्हणजे बाईचा एकटा गळा नीट उतरेपर्यंत त्या माणसानं पिच्छा सोडला नव्हता. मी मात्र त्याला गाण्याचा मारेकरी समजत होते.

मग इतका राग कशाचा होता? कॅसेटीचा फुसफुसाट मला कधी खुपला नाही. बाजू संपली म्हणून अर्ध्यावर तुटलेले राग मी जिवापाड जपले. 78च्या तबकडीवर जेमतेम तीन मिनिटं मावायची, म्हणून अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्यांनी अख्खा राग तेवढ्यात बसवला. त्याला मी ‘अर्क’ म्हणायचे. आणि ऐकू न येणारं गाळणाऱ्या एमपी3ला ‘कत्तल’.

कारण मत्सर होतं. आम्ही सवाई गंधर्व महोत्सवात थंडीत कुडकुडत रात्री जागवल्या. पगारातून एकेक कॅसेट घेतली. खासगी बैठकीचं ध्वनिमुद्रण मिळावं म्हणून कुणाकुणाकडे हेलपाटे घातले, नको त्यांची स्तुती केली. भाऊजींना हे सगळं काही दुपारींत मिळालं, आणि त्यातलं निम्मं माझ्याच कपाटातून. मी कष्ट केले म्हणून माझं ऐकणं खरं, असा तो हिशेब होता. ‘जवारी’ हा शब्द मी त्या हिशेबावर पांघरूण म्हणून वापरला.

पुढे भाऊजी फोनवर ऐकू लागले आणि तो प्लेअर माझ्याकडे आला. आता गाऱ्हाणी माझी आहेत. एका पावसाळ्यात मी त्यातली नावं दुरुस्त करायला बसले, तेव्हा निम्मे गवई ‘पी’खाली सापडले, कारण कुणीतरी प्रत्येकाच्या आधी ‘पंडित’ टाइप केलेलं. ‘उस्ताद’मुळे खाँसाहेब सगळे ‘यू’खाली. मालकंसाच्या तीन स्पेलिंगांचे तीन वेगळे राग झालेले. गाण्याबरोबर माहिती साठवायची जी जुनी पद्धत आहे तिच्यात नावाला तीस अक्षरं आणि संगीतप्रकारांची ऐंशीची ठरलेली यादी. त्या यादीत पोल्काला जागा आहे, ख्यालाला नाही. आमचं सगळं ‘एथनिक’मध्ये. शेवटी मी रागाचं नाव अल्बमच्या रकान्यात घातलं आणि ताल शेऱ्यात. बॅटरी संपली तेव्हा तापकीर गल्लीतल्या एका मुलानं प्लॅस्टिकच्या पट्टीनं ती डबी शिंपल्यासारखी उघडली आणि नवी बॅटरी बसवून दिली. उघडत नाही म्हणे!

गाणी उलटसुलट क्रमानं लावणाऱ्या शफलबद्दलचं माझं जुनं मत मात्र तसंच आहे. सकाळी सातला रात्रीचा बागेश्री लावणाऱ्या यंत्राला क्षमा नाही.

गंमत म्हणजे भाऊजी आता फोनवर नाराज आहेत. महिन्याला पैसे भरतात, आणि एक दिवस यादीतलं आवडतं ध्वनिमुद्रण करडं पडतं; हक्क संपले, गाणं गेलं. मे 2022मध्ये ॲपलनं आयपॉड बंद केल्याचं जाहीर केलं तेव्हा मी त्यांना म्हटलं, “भाऊजी, हवा असेल तर तुमचा प्लेअर परत न्या.” ते म्हणाले, “राहू द्या, तुमच्याकडे नीट आहे.” गाऱ्हाणी करणाऱ्या या लोकांचं मागणं तरी काय होतं? बॅटरी बदलता यावी, आत घातलेलं बाहेर काढता यावं, रागाचं नाव लिहायला जागा असावी, आणि तंबोरा थांबू नये. यातलं काहीही चैनीचं नव्हतं.

तुमच्याही कपाटात असा एखादा बंद पडलेला प्लेअर असेल. अनेकांनी घरगुती बैठकींच्या, आजीच्या ओव्यांच्या कॅसेटी त्यात उतरवल्या आणि कॅसेटी टाकून दिल्या. डबी फुगलेली दिसली तर चार्जरला लावू नका, आधी जाणकाराला दाखवा. नसेल तर कॉम्प्युटरला जोडा आणि लपवलेले फोल्डर दाखवायला सांगा. काही प्लेअरांत गाणी चार अक्षरांच्या निरर्थक नावांनी तिथे पडलेली असतात, पण पूर्ण असतात. ती आधी काढून घ्या, दोन ठिकाणी ठेवा, आणि मग ती डबी भंगारात द्यायची की नाही ते ठरवा.