बी कोणत्या मिरचीचे?

तीर्थस्वरूप सौ. वहिनींस,


स्वयंपाकघरातील सुक्या मिरच्यांचे बी कुंडीत पेरूनही उगवत नाही, या आपल्या पत्रातील तक्रारीचे कारण माती किंवा खत यांत शोधण्याआधी त्या बियाण्याच्या पूर्वायुष्यात शोधावे लागते. बाजारातील लाल मिरची साठवणुकीसाठी वाळवलेली असते, पेरणीसाठी नव्हे. तीव्र उष्णतेने किंवा पोत्यात दीर्घकाळ पडून राहिल्याने बियातील भ्रूण, म्हणजे कवचाआड सुप्तावस्थेत असलेले भावी रोप, बऱ्याचदा मृत झालेला असतो. याउलट पूर्ण पिकलेल्या फळातून काढून सावलीत वाळवलेले आणि कोरड्या, थंड जागी ठेवलेले बी साधारण दोन-तीन वर्षे उगवणक्षम राहते.

बी उगवले तरी ते कोणत्या झाडाचे, हा प्रश्न उरतोच, आणि तोच अधिक महत्त्वाचा आहे. मिरचीचे फूल उभयलिंगी असल्यामुळे, म्हणजे पुंकेसर व स्त्रीकेसर एकाच फुलात असल्यामुळे, पुष्कळसे परागण आपल्याच परागाने होते; तथापि मधमाश्या शेजारच्या ढोबळ्या मिरचीचा परागही आणतात, आणि अशा संयोगातून धरलेले फळ मूळ झाडासारखेच दिसले तरी त्याच्या बियांपासून आलेल्या झाडांत आकार व तिखटपणा पालटतो. संकरित वाणाचे, म्हणजे दोन निवडक जनकांपासून दरवेळी नव्याने तयार केलेल्या बियाण्याचे, गुणही पुढल्या पिढीत विखुरतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर अमेरिका खंडातून भारतात आलेल्या या वनस्पतीला नागपूरकडे भिवापुरी, कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात संकेश्वरी आणि काणकोणच्या डोंगरउतारांवर खोला अशी निरनिराळी रूपे लाभली, ती उत्तम झाडावरची फळे हंगामामागून हंगाम बियाण्यासाठी राखणाऱ्या शेतकऱ्यांमुळे. म्हणून परसबागेसाठीही असे सरळ वाणाचे, ओळखीच्या शेतातले बी मिळवणे हे रंगीत पाकिटापेक्षा कितीतरी श्रेयस्कर होय.

बी काढताना हातांची आग होते, ती बियांमुळे नव्हे. कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य बिया ज्या पांढऱ्या गराला चिकटलेल्या असतात त्यात तयार होते आणि तेथून बियांना लागते. पक्ष्यांना हा दाह जाणवत नाही, त्यामुळे रानमिरचीचा प्रसार तेच करतात.

पेरणीस ऊब हवी. मातीचे तापमान 25 ते 30 अंश सेल्सिअस असल्यास अंकुर आठवडा-दोन आठवड्यांत वर येतो, थंडीत मात्र तो फार रेंगाळतो. कोकोपीट व चाळलेले शेणखत यांच्या भुसभुशीत मिश्रणात बी अर्धा सेंटिमीटर खोल टाकावे. अंकुर दिसताच भांडे उजेडात ठेवावे, अन्यथा रोपे उंच व लुळी वाढतात. घरगुती रोपांचा खरा घात अतिपाण्याने होतो. सतत ओल्या मातीत बुरशी बळावते आणि रोप जमिनीलगत सडून आडवे पडते. यालाच मर रोग म्हणतात, आणि एकदा कोलमडलेले रोप सावरत नाही. वरचा थर किंचित सुकल्यावरच सकाळी पाणी देणे आणि रोपे विरळ राखणे हा त्यावरचा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. साधारण सहा आठवड्यांनी, पाच-सहा खरी पाने आल्यावर, रोप मोठ्या कुंडीत लावावे. पुढे पाने आकसून वळू लागली तर तो चुरडा-मुरडा असून फुलकिडे, कोळी किंवा पांढऱ्या माशीने पसरवलेले विषाणू त्यामागे असतात. विषाणूग्रस्त झाडाचा मोह न धरता ते उपटून टाकावे.

बियाणे राखायचे असल्यास सर्वांत निरोगी झाडाच्या कळ्यांवर, त्या उमलण्यापूर्वी, पातळ मलमलीची पिशवी बांधावी, फळ धरल्यावर ती सोडून त्या देठाला दोरा बांधावा आणि ते फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावे. सोबतच्या पुडीत संकेश्वरीचे बी असून तीवर वाण, गाव व वर्ष लिहिलेले आहे. त्यातील निम्मे यंदा ज्येष्ठात पेरावे व निम्मे राखून ठेवावे, म्हणजे पावसाने पहिली रोपे गेली तर आश्विनात पुन्हा पेरता येईल.


आपली नणंद