बाजाराला वाली हवा

सकाळी अंबाजोगाईच्या मंडी बाजारातून चालत गेलं की शटर वर जाण्याचा आवाज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत येतो. मग झाडू, मग पाण्याचा सडा, मग उदबत्ती. प्रत्येक जण आपल्या दारापुरतं झाडतो. कचरा शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंत जातो आणि तिथं थांबतो. दोन दुकानांच्या मधली ती हातभर जागा कुणाचीच नसते. या टिपणांचा विषय ती हातभर जागाच आहे.

*

अंबाजोगाईला संस्था काढायची सवय जुनी. कागदोपत्री गावाचं नाव मोमिनाबाद होतं, निजामाचा अंमल होता, तेव्हा, १९३० च्या दशकात, स्वामी रामानंद तीर्थ इथल्या योगेश्वरी शाळेत मुलांना शिकवत होते. १९८२ मध्ये डॉ. द्वारकादास लोहिया यांनी ‘मराठवाडा नवनिर्माण लोकायत’ उभी केली. तिला सगळे मानवलोक म्हणूनच ओळखतात. शैला लोहियांनी ‘मनस्विनी’ या प्रकल्पाचं काम एकट्या पडलेल्या बायकांसाठी वाढवलं. शाळेसाठी, शिवारातल्या पाण्यासाठी, बाईच्या हक्कासाठी, साहित्यासाठी या गावात माणसं एकत्र आली, घटना लिहिली, वर्गणी काढली, हिशेब ठेवला.

बाजाराच्या रस्त्याचं रोजचं बघेल अशी संस्था मात्र माझ्या पाहण्यात नाही. व्यापाऱ्यांच्या संघटना सगळ्याच गावांत असतात. कर वाढला, नोटिसा आल्या, बंद पुकारायचा झाला की त्या जाग्या होतात. तेही लागतंच. पण रस्त्याला वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस माणूस लागतो.

*

अमेरिकेतल्या छोट्या गावांतही पेठेला असाच वाली नव्हता. गावाबाहेर मोठमोठी दुकानं आली, गाड्या उभ्या करायला मैदानं आली आणि जुन्या पेठा ओस पडल्या. १९७७ मध्ये तिथल्या ‘नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन’ या ना-नफा संस्थेनं तीन गावं निवडली: गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्स. मेरी मीन्स या बाईंनी ते काम चालवलं. १९८० पासून त्याचा देशभर कार्यक्रम झाला, नाव ‘मेन स्ट्रीट’. त्यांनी चार कामं ठरवली. माणसं बांधायची, गिऱ्हाईक पेठेकडे वळवायचं, इमारतींचं रूप जपायचं आणि धंदा वाढवायचा. चारही एकदम, एकावर थांबायचं नाही.

मला त्यातली एकच गोष्ट फार मोलाची वाटते. प्रत्येक गावात त्यांनी या कामासाठी एक पगारी माणूस नेमला. त्याचं काम रोज रस्त्यावरून फिरणं, कुणाचं दुकान का बंद आहे हे विचारणं, रिकाम्या गाळ्याला भाडेकरू शोधणं, मालकाची आणि नगरपालिकेची गाठ घालून देणं. आपल्याकडे पेव्हर ब्लॉकला पैसा मिळतो. त्या ब्लॉकवरून रोज फिरणाऱ्या माणसाला मिळत नाही.

*

अशा माणसासाठी हिशेब करून पाहिला. एका पेठेत दोनशे दुकानं धरली आणि प्रत्येकानं दिवसाला पाच रुपये दिले तर रोजचे हजार, महिन्याचे तीस हजार. त्यात एका माणसाचा अर्धा-अधिक वेळ आणि दोन झाडणाऱ्या बायकांचा मोबदला निघतो. पाच रुपयांत आज चहाचा कपही येत नाही.

*

बाजार कुणाच्या जिवावर चालतो, हे आधी ओळखायला हवं.

आपल्या भागात दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल मिळालेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. जायच्या आधी घोंगडी, पातेली, प्लास्टिकचा कागद, बॅटरी, पोरांना स्वेटर, सगळं याच रस्त्यावर घेतलं जातं. पुढचे चार-पाच महिने ही माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि इकडे खेडीच्या खेडी रिकामी. ती परत येतात तेव्हा लग्नसराई लागते. मग कापडाच्या दुकानात बस्ता. गादीवर पंधरा-वीस माणसं बसलेली, मध्ये साड्यांचा ढीग, मुलाकडच्यांचं वेगळं गाठोडं, मुलीकडच्यांचं वेगळं, आणि दुकानदार सगळ्यांना चहा पाजतो आहे. बस्ता दिवसभर चालतो. मोबाइलवर साडी येते. तिच्यासोबत ‘मामीला ही नको, मागच्या लग्नात अशीच दिली होती’ असं आठवणीनं सांगणारा माणूस येत नाही.

उधारीचंही तसंच. सोयाबीन निघालं की देतो, एवढ्या शब्दावर इथल्या वह्या भरलेल्या आहेत. पाऊस हुकला तर दुकानदारही बुडतो. दुष्काळात सरकारी यादीत शेतकरी येतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याला बियाणं, किराणा, कापड उधार देणारा छोटा दुकानदार कुठल्याच यादीत नसतो.

*

रस्त्यावर बसणाऱ्यांबद्दल.

आपल्याकडे अजून ‘तहबाजारी’ हा शब्द चालतो. पालिका ती गोळा करायचा गुत्ता देते आणि गुत्तेदाराचा माणूस पावतीबुक घेऊन फिरतो. मेथीच्या चार जुड्या घेऊन बसलेली बाईसुद्धा ती भरते. म्हणजे ज्याला आपण अतिक्रमण म्हणतो, तेच बाजाराला रोज जागेचं भाडं देत आलं आहे.

२०१४ चा पथविक्रेता कायदा मी शांतपणे वाचला. आधी मोजणी, मग जागा ठरवणं, आणि मोजणी पुरी होईपर्यंत कुणाला हटवायचं नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यातल्या एक तृतीयांश स्त्रिया. सामाजिक संस्थांनाही दहा टक्के जागा. विक्रेत्यांची संख्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत सामावून घ्यायची आहे. सत्तर हजारांच्या वर वस्ती असलेल्या आपल्या गावात हा आकडा पावणेदोन हजारांच्या घरात जातो. एवढ्या माणसांना कायद्यानं जागा देऊ केली आहे.

दुकानदारांना हे पटवणं अवघड, पण खोटं बोलून पटवू नये. हातगाडी दारासमोर लागली की दुकानाचा दर्शनी भाग झाकला जातो, हे खरं आहे. खेड्यातून आलेली बाई आधी हातगाडीवर बांगड्या बघते आणि मग दुकानात साडी घ्यायला शिरते, हेही तितकंच खरं. गाड्या हटवल्या की रस्ता मोकळा दिसतो. गर्दीही त्यांच्याबरोबर जाते.

*

बायकांसाठी स्वच्छतागृह. इतर कुठल्याही सुशोभीकरणाच्या आधी हे.

सकाळच्या एसटीनं आलेली बाई संध्याकाळच्या एसटीनं जाते. मधले सात-आठ तास ती पाणी पीत नाही. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ नावानं अनेक संस्था एकत्र येऊन याच एका मागणीसाठी लढल्या. इथे लढाईचीही गरज पडू नये. बंद पडलेला एक गाळा, पाण्याची टाकी, आतून लागणारी कडी, आणि राखायला एक बाई. गिऱ्हाईक तासभर जास्त थांबेल. पण हे गिऱ्हाइकासाठी नसलं तरी करायला हवं.

*

मुंबईतली दोन उदाहरणं माझ्या वहीत बरेच दिवस आहेत.

दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या जुन्या दगडी कमानी पाट्यांखाली गाडल्या गेल्या होत्या. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी रस्त्याचा अभ्यास करून पाट्या कुठं आणि केवढ्या असाव्यात, याचे नियम सुचवले. पाटी कमानीच्या आत बसवायची, कमान झाकायची नाही. दुकानदार आणि कचेऱ्या ‘हेरिटेज माइल असोसिएशन’ म्हणून एकत्र आल्या. २००४ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांत या रस्त्याला उल्लेखनीय कामाचा मान मिळाला. त्या कामात इमारती पाडल्या नाहीत, पाट्या हलवल्या.

दुसरं काळा घोड्याचं. १९९८ मध्ये तिथं ना-नफा संस्था निघाली आणि पुढच्याच वर्षापासून महोत्सव सुरू झाला. महोत्सवाचा पैसा त्याच परिसराच्या डागडुजीला वापरायचा, ही त्यामागची कल्पना.

भेंडी बाजाराचं मी मुद्दाम वेगळं ठेवतो. सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टनं २००९ पासून तिथं साडेसोळा एकरांतल्या सुमारे अडीचशे इमारती नव्यानं बांधायचं काम हाती घेतलं. सव्वा हजाराच्या आसपास दुकानं आणि तीन हजारांवर कुटुंबं त्यात येतात. भाडेकरूला मालकीची जागा मिळते, ही मोठीच गोष्ट. पण एवढा पैसा एका समाजाच्या मागे एकदिलानं उभा राहिला म्हणून ते शक्य झालं. आपल्यासारख्या गावानं तिकडे बघून हरखून जाऊ नये. आपली गरज पाटीएवढी, नालीएवढी, कडीएवढी आहे.

*

पाट्यांवरून आठवलं. दुकानांच्या मराठी पाट्यांचा नियम २०२२ मध्ये कडक झाला. मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. सगळ्यांनी घाईनं फ्लेक्स लावले. दोन उन्हाळ्यांत ते पांढरे पडतात. गावात अजून ब्रश धरणारे पेंटर आहेत. एका गल्लीतल्या पाट्या त्यांच्याकडून पत्र्यावर रंगवून घेतल्या, तर रस्त्याचं तोंड बदलेल आणि हातातली एक कलाही जगेल.

*

आपल्या गावच्या संतकवी दासोपंतांना लिहायला रोज एका ढब्बूची शाई लागे, असं सांगतात. त्यांची पासोडी तर कापडावरच लिहिलेली, चोवीस हात लांब आणि अडीच हात रुंद. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या गावात कुणीतरी शाई विकत होतं, कुणीतरी एवढं लांब कापड विकत होतं. समाधीला जाणारा माणूस दासोपंतांना नमस्कार करतो. मला दर वेळी तो शाईवालाही आठवतो.

*

लातूरची गंजगोलाई आपल्यापासून दीड-दोन तासांवर. फैयाजुद्दीन यांनी आखलेली, १९१७ मधली दुमजली गोल इमारत, मध्यभागी अंबाबाईचं मंदिर आणि भोवती सोळा रस्ते. सराफा वेगळा, किराणा वेगळा, मिरची-गूळ वेगळा. लहान असताना वडिलांचा हात धरून मी तिथं सोळा रस्ते मोजायचा प्रयत्न केला होता. बाजार असा आखता येतो, हे मराठवाड्याला शंभर वर्षांपूर्वी ठाऊक होतं.

*

मार्गशीर्षात योगेश्वरीचं नवरात्र. पौर्णिमेला कोकणातून, पुण्या-मुंबईतून कुळाची माणसं येतात. गाडी मंदिराजवळ लागते, ओटी भरली जाते, दर्शन होतं आणि गाडी निघते. परळीला वैजनाथाचं दर्शन गाठायचं असतं. यात्रेकरूची काहीच चूक नाही. त्याला पेठेकडे या, असं कुणी सांगितलेलंच नाही. मंदिरापासून मंडी बाजारापर्यंत एक पायवाट आखावी. वाटेवर बाराखांबी, मुकुंदराजांच्या समाधीकडे जाणारा रस्ता आणि हत्तीखाना लेणी दाखवणारे साधे फलक लावावेत. मुकुंदराजांच्या ‘विवेकसिंधू’ ग्रंथात शके १११० सालाचा उल्लेख आहे, हेही त्या फलकावर लिहावं. माणूस तासभर रेंगाळला तर चहा पितो, खण घेतो, घरी न्यायला शेंगदाण्याची चटणी घेतो.

*

संस्था काढायला काय लागतं, ते एका वकील मित्राकडून समजून घेतलं. १८६० चा संस्था नोंदणी कायदा, १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा कायदा, धर्मादाय कार्यालयात अर्ज. किमान सात माणसं.

ती सात माणसं कोण असावीत, हे मी लिहून ठेवलं आहे. दोन दुकानदार, त्यातला एक भाडेकरू. एक भाजीवाली. एक हातगाडीवाला. एक शिंपी. एक हमाल. एक शिक्षक किंवा निवृत्त कारकून, हिशेब लिहिण्यासाठी. पहिलं वर्ष बांधकाम काहीच नाही. फक्त मोजणी: किती दुकानं चालू, किती बंद, किती गाळ्यांचे मालक बाहेरगावी, किती माणसं रस्त्यावर बसतात, दिवे किती, नाल्या कुठं तुंबतात. ती वही सगळ्यांना बघायला खुली.

हिशेब लिहायला मी तयार आहे. वही आणली आहे. अजून सहा सह्या हव्यात.