आजारपणातील थायरॉईड : आकडा आणि त्याचा अर्थ

पुण्यात ऋतू पालटला की घरोघरी खोकल्याचा आवाज ऐकू येऊ लागतो. श्रावणातील ओल असो वा मार्गशीर्षातील बोचरी थंडी, सर्दी-तापाची साथ पेठांपासून उपनगरांपर्यंत एक फेरी मारून जाते. श्वसनमार्गाच्या विषाणूंशी या शहराचा परिचय तसा जुना. विषाणूंच्या अभ्यासासाठी १९५२ साली स्थापन झालेली संस्था, आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, पुण्यातच आहे. स्वाइन फ्लूने देशात घेतलेला पहिला बळी ३ ऑगस्ट २००९ रोजी याच शहरातील होता; आणि ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील करोनाचे पहिले रुग्ण येथेच आढळले. दोन्ही वेळी नायडू रुग्णालयाचे नाव प्रत्येक पुणेकराच्या तोंडी होते.

ज्या घरात थायरॉईडची गोळी घेणारी वडीलधारी व्यक्ती आहे, तेथे अशा साथीत एक काळजी हमखास डोके वर काढते : ‘यांना थायरॉईड आहे, मग यांचा आजार अधिक बळावेल का?’ आपल्या मोठ्या शहरांत दर दहा प्रौढांमागे सुमारे एकास या ग्रंथीची न्यूनता असते. तेव्हा ही काळजी किती घरांत असेल, याची कल्पना आपण करू शकाल. आमच्या घरी या प्रश्नाचा उलगडा २०२० च्या सप्टेंबरात झाला, आणि तो आम्हां सर्वांच्या अपेक्षेच्या नेमका उलट झाला.

एक घर, दोन आजार

माझ्या सासूबाई तेव्हा एकाहत्तर वर्षांच्या होत्या. वीस वर्षांपासून त्या थायरॉईडची गोळी घेत आल्या आहेत. सासरे, ज्यांना आम्ही सारे नाना म्हणतो, शहात्तर वर्षांचे. रोज पहाटे पर्वती चढून येणारे. त्यांना कसलीच गोळी नव्हती. दोन दिवसांच्या अंतराने दोघांनाही करोना झाला, तेव्हा घरातील प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर चिंता होती ती सासूबाईंची.

प्रत्यक्षात त्यांना तीन दिवस ताप आला, वास गेला, थकवा आला. पण ऑक्सिजनची पातळी पंचाण्णवच्या खाली कधी उतरली नाही. मागल्या खोलीत एकट्या असतानाही पहाटे उठून त्या डबीतील गोळी घेत आणि अर्धा तास गेल्याशिवाय चहाला हात लावत नसत. नानांची पातळी मात्र सातव्या दिवशी अठ्ठ्याऐंशीवर आली आणि त्यांना रुग्णालयात हलवावे लागले.

त्या दिवसांत नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता. दिवसातून एकदा दूरध्वनी येई, तेवढाच आधार. पाचव्या दिवशी नानांच्या हृदयाचे ठोके अनियमित झाले, म्हणून इतर तपासण्यांबरोबर थायरॉईडचीही तपासणी झाली. टी-३ पंचेचाळीस आले. प्रयोगशाळेच्या मते ते ८० ते २०० च्या दरम्यान हवे होते. टी-४ ठीक होते. टीएसएच किंचित कमी होते. अहवाल पाहताच नाशिकहून नणंदबाईंचा फोन आला : “नानांनाही थायरॉईड निघाला! आईच्या गोळ्या आहेत ना घरात? आजच पाठवून द्या.”

त्यांची तगमग मला समजत होती. आपल्या माणसाला पेलाभर पाणीही आपल्या हाताने देता येत नव्हते. निदान एक गोळी तरी पाठवता येईल, एवढीच ती धडपड होती. रात्री डॉक्टरांचा दूरध्वनी आला तेव्हा मी विचारले. त्यांनी शांतपणे सांगितले, “नानांची ग्रंथी आजारी नाही, नाना आजारी आहेत. त्यांचे शरीर किती ताणाखाली आहे, ते हा आकडा सांगतो आहे. गोळी आम्ही देणार नाही. अशा ठोक्यांत ती उलट घातक ठरेल.”

शरीराची काटकसर

या उत्तरामागचे शास्त्र मी पुढे समजून घेतले, ते आपल्यालाही उपयोगी पडेल. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी प्रामुख्याने टी-४ हे संप्रेरक तयार करते. त्यात आयोडिनचे चार अणू असतात. यकृत, मूत्रपिंड, स्नायू आदी अवयव त्यांतील एक अणू काढून घेतात, आणि टी-३ हे खरे कार्यक्षम संप्रेरक तयार होते. शरीरातील टी-३ पैकी सुमारे ऐंशी टक्के असे ग्रंथीबाहेर बनते.

न्यूमोनिया, तीव्र फ्लू वा करोनासारखा गंभीर आजार झाला की हे रूपांतर मंदावते. टी-४ चा बराचसा भाग निष्क्रिय अशा दुसऱ्या रूपात वळवला जातो. एरवी टी-३ घटले की मेंदूतील पियुषिका ग्रंथी टीएसएच वाढवून थायरॉईडला कामाला लावते. आजारपणात तीही गप्प राहते. करोनात दिले जाणारे डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉईड टीएसएच आणखी खाली आणते. अडचणीच्या महिन्यात जाणती गृहिणी जसा हात आखडता घेते, तसे शरीर आपला खर्च आवरते, असे काही तज्ज्ञ मानतात. ही काटकसर प्रत्येक वेळी हितकारकच असते का, याविषयी मात्र त्यांच्यात एकमत नाही.

ही अवस्था वैद्यकशास्त्राला १९७० च्या दशकापासून ठाऊक आहे. करोनाकाळात हाँगकाँगमधील डॉक्टरांनी १९१ रुग्णांची तपासणी केली, तेव्हा सुमारे तेरा टक्के रुग्णांच्या थायरॉईडच्या आकड्यांत बिघाड दिसला; आणि ज्यांचे टी-३ कमी होते, त्यांची प्रकृती ढासळण्याचे प्रमाण अधिक होते. पण यावरून टी-३ घटले म्हणून आजार वाढला, असे म्हणता येत नाही. तापमापीतील पारा झटकून खाली आणला म्हणून ताप उतरत नाही. गंभीर आजारात बाहेरून थायरॉईडचे संप्रेरक देऊन पाहण्याचे प्रयत्न झाले, त्यांतून रुग्णांना निश्चित लाभ दिसला नाही. याउलट, गोळी नियमित घेऊन ज्यांची न्यूनता नियंत्रणात आहे, त्यांना करोना अधिक तीव्र होतो, असेही आढळले नाही. आमच्या सासूबाई त्यांतल्याच एक.

नाना एकोणिसाव्या दिवशी घरी आले. महिन्याभराने टीएसएच नऊवर गेलेले दिसले आणि पुन्हा घरात धास्ती पसरली. डॉक्टर म्हणाले, “बरे होताना ते काही काळ वाढते. सहा आठवडे थांबा.” सहा आठवड्यांनी टीएसएच साडेतीनच्या आत आणि टी-३ पूर्ववत होते. गोळी कधीच लागली नाही.

आपल्या घरासाठी

आता आपल्याकडे वळते. घरातील ज्येष्ठ व्यक्ती थायरॉईडची गोळी घेत असेल, तर सर्दी-तापात ती आपण होऊन थांबवू नका आणि वाढवूही नका. एखादा दिवस चुकला तर घाबरू नका. हे औषध शरीरात हळूहळू उतरते, त्याची पातळी निम्म्यावर यायला सुमारे सात दिवस लागतात. मात्र आजारपणाच्या धांदलीत दोन-तीन आठवडे गोळी राहून जाणे बरे नव्हे. रुग्णालयात दाखल करताना ही गोळी आणि तिची मात्रा पहिल्याच दिवशी सांगा. आजारात कॅल्शियम, लोह व जीवनसत्त्वांच्या गोळ्या सुरू होतात; त्या आणि थायरॉईडची गोळी यांत चार तासांचे अंतर ठेवा. केसांसाठी वा नखांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण त्याने रक्ताच्या अहवालातील आकडे चुकू शकतात.

तातडीने डॉक्टर गाठावे, अशा काही खुणाही लक्षात असू द्या. न्यूनतेच्या रुग्णाला संसर्ग झाला असता अंग थंड पडू लागले, नाडी मंदावली, हाक मारल्यावर उत्तर येईना, तर त्याला म्हातारपणाची झोप समजू नका. अतिरेकासाठी कार्बिमॅझोल घेणाऱ्या व्यक्तीला ताप आला आणि घसा दुखू लागला, तर ती साथीची सर्दीच आहे असे गृहीत न धरता पुढची गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा व पांढऱ्या पेशी तपासून घ्या. क्वचित हे औषध त्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटवते. आणि विषाणूचा ताप ओसरल्यानंतर काही आठवड्यांनी गळ्याच्या पुढच्या भागात दुखू लागले, छातीत धडधडू लागले, तर ग्रंथीलाच सूज आली असण्याची शक्यता असते. तिच्यावर उपचार आहेत, आणि ती बहुधा बरी होते.

शेवटी एक छोटे काम सुचवते. एका जाड कागदावर आजाराचे नाव, गोळीची मात्रा, मागील टीएसएचचा आकडा आणि त्याची तारीख लिहून तो कागद आजी-आजोबांच्या पाकिटात ठेवा. प्रकृती ठीक असतानाचा तो आकडा शेजारी असला, म्हणजे आजारपणातील नव्या आकड्याकडे पाहणाऱ्या डॉक्टरांचे काम निम्मे सोपे होते, आणि आपल्या घरातील घाबरगुंडीही.