राहू दे पाच मिमी जास्त

ऐंशीच्या दशकात भोसरीच्या एका शॉपमध्ये मी डिझाइनला लागलो, तेव्हा हीट एक्स्चेंजरच्या हायड्रोसाठी, म्हणजे पाण्याच्या दाबचाचणीसाठी, ब्लाइंड (तोंड बंद करणारी चकती) किती जाड घ्यायचा हे ठरवण्यात अर्धा दिवस जायचा. समोर प्रेशर व्हेसल कोडचं जाडजूड पुस्तक, टेलर फोर्जच्या फ्लँज पुस्तिकेची झेरॉक्सची झेरॉक्स, आणि चौघांत मिळून एक कॅल्क्युलेटर.

पण हाताने सूत्र सोडवलं की ते बोटांत उतरायचं. व्यास वर्गमूळाच्या बाहेर, दाब आत. दाब दुप्पट केला तरी जाडी दीडपटीला पोचत नाही; व्यास दुप्पट केला की जाडी दुप्पट आणि वजन थेट आठपट. मीटरभर व्यासाची ५० मिमीची चकती म्हणजे तीनशे किलोच्या वर. आकडा लिहितानाच क्रेनवाल्याचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा!

माझा पहिला ब्लाइंड ताकदीत चोख पास होता. तेव्हा टेस्टचा दाब डिझाइनच्या दाबाच्या दीडपट असे (कोडच्या १९९९च्या सुधारणेत तो १.३ पट झाला). पूर्ण दाब चढायच्या आतच गॅस्केटमधून पाणी फवारलं. मिस्त्रींनी दाब उतरवला, बोल्ट तसेच ठेवून प्लेटच्या पाठीवर पट्टी धरली. कडेला पट्टीखालून फीलर गेज अलगद सरकला. "साहेब, बशी झालीय."

बोल्टांच्या ओढीने कडा वाकली होती आणि गॅस्केट आतून सैल पडलं होतं. सूत्र फक्त ताण बघतं. वाकण्याने गळती होत असेल तर जाडी वाढवा, असं कोडात तिथेच तळटिपेत लिहिलंय. मी तळटीप वाचलीच नव्हती. मिस्त्रींनीही नव्हती, म्हणून ते नेहमी म्हणायचे, "राहू दे पाच मिमी जास्त." त्यातलं थोडं शहाणपण, थोडी भीती, पोलाद मात्र आम्ही भरपूर वाया घालवलं, हे कबूल करायला हवं.

आता मुलगी लॅपटॉपवर आकडे भरते, क्षणात जाडी येते. फ्लँज पुरेसा ताठ आहे का, याचा निर्देशांकही येतो. एकच्या वर गेला की तिला लगेच कळतं. मी तिला विचारलं, "वजन किती होईल गं?" तिने पुढचा रकाना उघडून बघितला.

माझ्या चुकीनंतर केलेला ६३ मिमीचा ब्लाइंड बरीच वर्षं शॉपच्या मागे पडून होता. त्याला तीन वेगवेगळ्या पीसीडींची (बोल्ट-वर्तुळांची) भोकं पाडलेली. दुपारी वेल्डर त्याच्यावर डबे उघडून बसायचे.